व्होल्ट बघू नका, भोवरा बघा : बॅटरीच्या ग्रास कटरचे सहा महिने

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी तुळशीपाशी गवत मारत होते. दोरी संपत आली म्हणून मशीन जमिनीवर टेकवलं, तर काहीतरी सणकन उडालं आणि भोवऱ्याचं झाकण गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर जाऊन आपटलं. झाकण सापडलं, फिरकीही सापडली. आतली स्प्रिंग मात्र गेली ती गेलीच. मी आणि हे, दोघांनी संध्याकाळपर्यंत गवत हातांनी विंचरून काढलं. साडेअकरा हजारांचं मशीन करंगळीएवढ्या स्प्रिंगपायी बंद पडलं होतं आणि दुसऱ्या दिवशी घट बसायचे होते.

भोवरा म्हणते ते खालचं गोल डोकं. दुकानात त्याला टॅप अँड गो हेड म्हणतात. त्यात फिरकीवर, म्हणजे रिळावर, मासेमारीच्या तंगुसासारखी नायलॉनची दोरी गुंडाळलेली असते. मशीन चालू ठेवून हलकेच टेकवलं की स्प्रिंग दबते, फिरकी थोडी सरकते आणि झिजलेल्या दोरीच्या जागी नवी बाहेर येते. घेताना या भागाकडे कुणी बघत नाही. मीही बघितलं नव्हतं. सहा महिन्यांत जेवढा त्रास झाला आणि जेवढं समाधान मिळालं, ते सगळं या भोवऱ्यामुळेच.

आमचं घर देवरुखपासून थोडं आत आहे. घराभोवती आठ गुंठे जागा, त्यातली चार गुंठे पावसाळ्यात सतत साफ ठेवावी लागते. खळ्याच्या म्हणजे अंगणाच्या कडा, घरामागचं परडं, विहिरीची वाट आणि गडग्याचा पाय. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, तेव्हा चार गुंठे म्हणजे काही थोडकं नाही. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात पाऊस ३००० मिलिमीटरच्या वर पडतो. जुलैत मारलेलं गवत पंधरा दिवसांत पुन्हा घोट्याच्या वर येतं. दाराशी गवत ठेवून चालत नाही, कारण फुरसं, हा विषारी साप. जांभ्या चिऱ्याच्या रंगात मिसळून बसलं की पाय पडेपर्यंत दिसत नाही.

आधी मशीनवाला यायचा. १२०० रुपये रोज, वर पेट्रोल-ऑइलचे ३००. पावसाळ्यात तीन फेऱ्या धरल्या तर साडेचार हजार. पैशाचंही एक वेळ चाललं असतं, पण गणपतीच्या आधी तो सापडायचाच नाही. मुंबईची माणसं यायची म्हणून अख्ख्या वाडीला एकाच आठवड्यात खळी साफ हवी असतात. पेट्रोलचं मशीन मला झेपणारं नाही. सात-आठ किलो वजन, झटका मारून चालू करायचं, आणि माझा उजवा खांदा दोन वर्षांपूर्वी आखडला होता. बॅटरीचं मशीन बॅटरीसकट तीन किलोच्या आसपास आहे. मे महिन्यात दोन बॅटऱ्या आणि चार्जरसकट घेतलं.

व्होल्टबद्दल एवढंच सांगते. एका दुकानात १८ व्होल्टचं मशीन होतं, शेजारच्या दुकानात २१ चं, आणि तो दुकानदार २१ वाल्याचे दोन हजार जास्त मागत होता. दोन्हींच्या बॅटरीत पाचच सेल. एका सेलचा नेहमीचा दाब ३.६ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ४.२. पाचाने गुणलं की एकदा १८ येतात, एकदा २१. वस्तू तीच. खरी विचारायची गोष्ट अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते ते. माझ्या बॅटऱ्या ४ अँपिअर-अवरच्या, म्हणजे १८ गुणिले ४, ७२ वॉट-अवर. दाट ओल्या गवतात एक बॅटरी साधारण २४ मिनिटं जाते. हिशोब केला तर मशीन १८० वॉट खातं. पेट्रोलचं मशीन हजार वॉटच्या वरचं असतं, त्याची बरोबरी होणार नाही हे धरूनच चाला. एका बॅटरीत माझा एक गुंठा होतो, कधी सव्वा.

आता भोवरा. जूनमध्ये मी अगदी रडकुंडीला आले होते. दर पाच मिनिटांनी दोरी आत अडकायची. टेकवलं तरी बाहेर येत नव्हती. उघडून बघावं तर आतले वेढे एकमेकांना चिकटून गठ्ठा झालेला. पहिल्या पंधरवड्यात मी शेजारणीला आणि गावातल्या दोन-तीन बायकांना निक्षून सांगितलं की हे घेऊ नका, फसवणूक आहे. ते शब्द मला परत घ्यावे लागले, आणि प्रत्येकीला पुन्हा भेटून मी ते घेतले.

चूक निम्मी माझी होती. दोरी कशी गुंडाळायची हे पुस्तिकेत चार ओळींत उरकलंय, म्हणून इथे सविस्तर देते. तीन मीटर दोरी घ्या आणि मधोमध दुमडा. दुमड फिरकीच्या मधल्या खाचेत अडकवा. फिरकीवर बाण असतो, त्याच दिशेने दोन्ही बाजू आपापल्या कप्प्यात गुंडाळायच्या. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याला लागून, ताणून, रिळावर दोरा भरतो तसा. एकही वेढा दुसऱ्यावरून आडवा जाता कामा नये, कारण आडवा गेलेला वेढाच खाली रुततो आणि गरम होऊन चिकटतो. काठोकाठ भरायची नाही, कडेपासून अर्धा सेंटिमीटर मोकळं ठेवायचं. मी सुरुवातीला पुन्हापुन्हा उघडायला नको म्हणून पाच मीटर कोंबत होते, ते अंगाशी आलं.

दुसरी गोष्ट मला फवारणी पंप दुरुस्त करणाऱ्या दादांनी सांगितली. दोरी रात्रभर पाण्यात भिजत घाला. नायलॉन पाणी पितं आणि मऊ राहतं. दुकानात दारावर उन्हात महिनोन्‌महिने लटकलेलं पाकीट असेल तर दोरी कडक होते आणि दगडाला लागली की काचेसारखी तुटते. मी दोन तुकडे घेऊन बघितलं. पाकिटातला कोरडा तुकडा बोटांत दुमडल्यावर पांढरा पडला आणि तिसऱ्या दुमडीला मोडला. रात्रभर भिजवलेला तसाच दुमडत राहिले, तो मोडला नाही. आता स्वयंपाकघरात कडधान्याच्या भांड्याशेजारी दोरीचंही एक भांडं असतं.

तिसरी चूक मारण्याच्या पद्धतीची. मी कोयत्याच्या सवयीने दोरी गवतात घुसवत होते. कापतं ते दोरीचं टोक. माझं मशीन मिनिटाला ७००० फेरे घेतं, दोरी मधल्या बिंदूपासून १४ सेंटिमीटर बाहेर असते, म्हणजे टोकाचा वेग ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या वर जातो. तो वेग फक्त टोकाला असतो. म्हणून गवताच्या कडेकडेने, अलगद, थोडं थोडं खात जायचं. दोरी आखूड झाली की तिच्या टोकाचा वेगही कमी होतो आणि गवत कापण्याऐवजी नुसतं झोडपलं जातं. आणि दोरी आणि आपले पाय यांच्या मधलं संरक्षक झाकण काढू नका, हे भोवऱ्याच्या झाकणापेक्षा वेगळं. पेट्रोलवाले सर्रास काढतात. त्यावरचं पातं दोरी योग्य मापावर छाटतं. ते नसलं की दोरी लांब राहते, मोटरवर ताण येतो आणि बॅटरी आपोआप बंद पडते. शिवाय चिऱ्याच्या कपच्या थेट नडगीवर येतात. गमबूट आणि चष्मा घातल्याशिवाय मी बटण दाबत नाही.

जाड दोरीचा मोहही नको. सोबत १.६ मिलिमीटरची आली होती, मी २ ची लावून बघितली. टिकली जास्त, पण बॅटरी २४ वरून १६-१७ मिनिटांवर आली आणि मोटर हाताला चटका बसेल इतकी तापली. पुन्हा १.६ वर आले.

एवढं जमल्यावर जुलैपासून मशीनने जे सुख दिलं ते मनापासून सांगते. सकाळी सात वाजता, कुणाची झोप न मोडता, विहिरीची वाट मारून होते. रॉकेलसारखा वास नाही, धूर नाही. मध्ये जास्वंदीचं रोप दिसलं, बेडूक दिसला की बोट सोडायचं, मशीन थांबतं. मशीनवाल्याच्या हातून दरवर्षी माझी अळूची पट्टी जायची, यंदा श्रावणभर अळवाचं फदफदं झालं. टाकळा, कुर्डू, हिरवा आघाडा सहज कापला जातो. रानमोडीचं जून खोड कापलं जात नाही, त्याला कोयताच घ्या. सोबत आलेली प्लॅस्टिकची पाती दगडाला लागून पहिल्याच दिवशी तुटली. लोखंडी चकती मी लावलीच नाही, हे संरक्षक झाकण आणि ही मोटर तिच्यासाठी नाही.

दोन गोष्टींचं मात्र वाईट वाटतं. पहिली, रातांब्याचं, म्हणजे कोकमाचं रोप. दोन वर्षांचं होतं, सासूबाईंनी बी लावलं होतं. त्याच्या बुंध्याशी गवत माजलं म्हणून मी मशीन जवळ नेलं. दोरी सालीला लागली, गोल कडं सोललं गेलं. पान हिरवंच होतं म्हणून मला वाटलं, काही झालं नाही. महिन्याभराने ते उभं वाळलं. सालीखालून अन्नरस वाहतो, ती सगळीकडून सोलली गेली की मुळांना अन्न पोचत नाही. आता प्रत्येक रोपाभोवती जुन्या पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा उभा चिरून बसवलाय. तुम्ही पहिल्याच दिवशी बसवा.

दुसरी गोष्ट जास्त जिव्हारी लागली. ऑगस्टमध्ये हिशोब केला, १५ मीटरचं पाकीट जूनमध्येच संपलं होतं. ही दोरी जाते कुठे? झिजून, तुकडे होऊन मातीत. परड्यात वाकून बघितलं तर नखाएवढे हिरवे तुकडे दिसले, गवताच्याच रंगाचे. आणि मारलेलं गवत मी शेजारच्या गोठ्यात देत होते. ती गाय माझ्या हाताला तोंड लावते. त्या दिवसापासून मशीनने मारलेलं गवत गायीला देणं बंद केलं, ते आता माडांच्या आळ्यात जातं, आणि गायीसाठीचा तुकडा मी विळ्याने कापते. गडग्याला दोरी घासू देत नाही, तिथला हातभर पट्टाही विळ्याचाच. यामुळे दुसरं पाकीट चार महिने पुरलं. तरी ३० मीटर नायलॉन आमच्या मातीत गेलं हे विसरता येत नाही. कंपन्यांनी यावर काहीतरी काढायला हवं.

बॅटरीची काही तक्रार नाही. गरम बॅटरी लगेच चार्जरला लावत नाही, तासभर जाऊ देते. पावसात मशीन बाहेर काढत नाही. वीज गेली की खोळंबा होतो, म्हणून दोन बॅटऱ्या असलेलंच घ्या.

आता स्प्रिंगचं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन केला. उत्तर आलं, ‘मॅडम, स्प्रिंग सुटी मिळत नाही, पूर्ण हेड घ्यावं लागेल, ११५० रुपये.’ म्हटलं, वर्षाची वॉरंटी आहे. ‘हेड कंझ्युमेबलमध्ये येतं.’ म्हणजे झिजून संपणाऱ्या वस्तूंत, त्यांना वॉरंटी लागू नाही. पुस्तिका समोर घेऊन वाचून दाखवली. तिच्यात ‘कटिंग लाइन आणि ब्लेड’ वगळलंय, हेडचा उल्लेखही नाही. ‘वरिष्ठांना विचारून कळवतो.’ तीन वेळा तक्रार नोंदवली, तीनही वेळा माझ्याशी न बोलता ‘निराकरण झाले’ असा मेसेज आला. चौथ्यांदा तो माणूस म्हणाला, मशीन सेंटरला घेऊन या. इथून घाट चढून जायचं म्हणजे सगळा दिवस मोडणार आणि जाण्यायेण्याचा खर्च स्प्रिंगच्या कितीतरी पट. मला राग आला तो पैशाचा नव्हता. आपलेच लिहिलेले शब्द वाचून दाखवल्यावरही समोरचा माणूस ते नाकारतो, याचा होता.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार दिली. बिल, पुस्तिकेच्या त्या पानाचा फोटो आणि तिन्ही मेसेज जोडले. नवव्या दिवशी कंपनीचा फोन आला, आवाज एकदम मऊ, आणि दिवाळीच्या आधी नवीन हेड घरपोच, फुकट. तेव्हा बिल आणि पुस्तिका जपून ठेवा, खोक्याबरोबर टाकून देऊ नका.

दरम्यान परडं थांबणार नव्हतं. पंपवाल्या दादांकडे उघडा भोवरा घेऊन गेले. त्यांनी डब्यातून फवारणी पंपाची एक जुनी स्प्रिंग काढली, लावून बघितली, लांब होती. पक्कडीने दोन वेढे तोडले, टोक कानशीने घासून सपाट केलं, बसवली. ‘बघा काकू, टेकवून.’ त्यांच्या दुकानामागे तिथेच टेकवलं. दोरी बाहेर आली. दहा रुपये घेतले, तेही मी आग्रह केला म्हणून. झाकण का उडालं तेही त्यांनीच दाखवलं. दोन बाजूंच्या खिट्ट्यांत लाल माती आणि गवताचा चोथा घट्ट बसला होता, त्यामुळे झाकण पूर्ण अडकलंच नव्हतं. आता दर वेळी काम झालं की बॅटरी काढून जुन्या टूथब्रशने त्या खिट्ट्या साफ करते, आणि झाकण बसवताना दोन्ही बाजूंनी ‘टक’ ऐकल्याशिवाय उठत नाही.

गवत आता पिवळं पडलंय. पुढच्या आठवड्यात शेवटची फेरी मारून दोन्ही बॅटऱ्या अर्ध्या भरलेल्या ठेवून देईन. पूर्ण भरून किंवा अगदी रिकाम्या महिनोन्‌महिने ठेवल्या तर लवकर मरतात. त्यांची जागा खालच्या फळीवर, माळ्यावर नाही, तिथे उन्हाळ्यात फार तापतं. कंपनीचं नवीन हेड त्यांच्याच शेजारी, खोक्यात आहे. पंपाची स्प्रिंग चालतेय तोवर ते काढणार नाही.