प्रगती मैदानातला व्यापार मेळा, छत्तीस वर्षांनी पुन्हा

1988 साली सिव्हिलचा डिप्लोमा करून नुकताच नोकरीला लागलो होतो, तेव्हा मामांनी मला दिल्लीला नेऊन हा मेळा दाखवला. मी स्टॉल सोडून अर्धा दिवस हॉल ऑफ नेशन्सचं छत बघत उभा होतो. मान अवघडली, पण पाय निघेनात.

कापलेल्या पिरॅमिडसारखा आकार आणि आत एकही खांब नाही. 1972 च्या ‘एशिया 72’ प्रदर्शनासाठी राज रेवल यांनी तो आखला, गणित महेंद्र राज यांचं. सगळा सांगाडा म्हणजे त्रिकोणी जाळी. अशी जाळी जगभर पोलादाची करतात. आपल्याकडे तेव्हा पोलाद महाग आणि मजूर स्वस्त, म्हणून ती काँक्रीटची केली, जागेवरच शटरिंग म्हणजे साचे बांधून, हाताने ओतून. एका सांध्यात इतक्या दिशांनी सळया येतात की त्यात काँक्रीट नीट बसवणं म्हणजे काय, हे साइटवर उभं राहिलेल्यालाच कळेल. हाच सांगाडा उन्हाला जाळी म्हणूनही उपयोगी पडायचा. एप्रिल 2017 मध्ये रातोरात तो पाडला. वारसा म्हणायला साठ वर्षं लागतात आणि त्याची पंचेचाळीसच झाली होती! मला हे आजही पटत नाही.

2024 च्या नोव्हेंबरात मुलीला घेऊन गेलो. मेळा 1980 पासून भरतो, 14 ते 27 नोव्हेंबर. पहिले पाच दिवस व्यापाऱ्यांचे, आपण त्यानंतर जावं. मेट्रोचं स्टेशन आता ‘सुप्रीम कोर्ट’ नावाने शोधा. नवे हॉल प्रशस्त आहेत, चालताना धक्के बसत नाहीत. महाराष्ट्राच्या दालनात पैठणी बघताना बायकांचं मराठी कानावर पडलं आणि बरं वाटलं. एका स्टॉलवर ‘शुद्ध लोकर’ म्हणून घेतलेली शाल मात्र घरी आल्यावर नायलॉनची निघाली, तेव्हा पारखून घ्या.

मैदानातल्या भारत मंडपम या नव्या अधिवेशन केंद्रासमोरचा 27 फुटी नटराज चुकवू नका. स्वामिमलईच्या कारागिरांनी आधी मेणाची प्रतिकृती करून तो अष्टधातूत ओतलाय, वजन 18 टन.

तिथेच बसून मुलीला मोबाइलवर जुन्या हॉलचा फोटो दाखवला. तीही सिव्हिललाच आहे. बराच वेळ फोटो मोठा करून बघत राहिली, मग म्हणाली, “बाबा, या सांध्यांचं शटरिंग काढलं कसं असेल?”