मोठे टायर, घटलेलं ॲव्हरेज आणि ओडोमीटरचा घोळ : काही महिन्यांनंतरचा अनुभव

पिकअप ट्रकचे 265/70 आर 17 मापाचे टायर काढून 285/70 आर 17 मापाचे ऑल-टेरेन (कच्च्या-पक्क्या दोन्ही रस्त्यांसाठीचे, जाड नक्षीचे) बसवले, त्याला आता काही महिने झाले. पकड उत्तम, आवाज चालण्यासारखा. लिहायचंय ते ॲव्हरेजबद्दल, कारण डिझेलच्या लिटरन्‌लिटरचा हिशेब मी वहीत ठेवतो.

आधी लिटरला 11 किलोमीटर पडायचे, नंतर 9.8. सर्व्हिस सेंटरचं उत्तर ठरलेलं, ‘टायर जड आहेत, एवढं घटणारच.’ माझा प्रश्न ओडोमीटरचा, म्हणजे किलोमीटर मोजणाऱ्या मीटरचा होता आणि तो कोणी ऐकूनच घेईना. जुन्या साइजचा व्यास साधारण 803 मिलिमीटर, नव्याचा 831. चाकाच्या एका फेऱ्यात गाडी साडेतीन टक्के जास्त पुढे जाते, मीटर मात्र जुन्याच मापाने मोजतो. मीटरवर 100 पडतात तेव्हा गाडी 103.5 किलोमीटर गेलेली असते. जीपीएस लावून पाहिलं, तोच फरक. काटा 80 वर असतो तेव्हा वेग 83 च्या घरात, म्हणजे विषय सुरक्षिततेचाही आहे. तरी ‘हा साइज कंपनीच्या यादीत नाही’ म्हणून सर्व्हिस सेंटरने कॅलिब्रेशनला, म्हणजे मीटर नव्या मापाशी जुळवायला, हात लावला नाही. याचा राग अजून गेलेला नाही. शेवटी दुसऱ्या गॅरेजने नवा साइज कॉम्प्युटरमध्ये टाकून दिला.

आता 10.1 पडतात. शिवाय आधीचे 11 सुद्धा जरा फुगलेलेच होते. जुने टायर घासलेले होते. नक्षी 7 मिलिमीटर झिजली की व्यास 14 ने कमी होतो आणि मीटर पावणेदोन टक्के जास्त मोजतो. घासलेला टायर हलकाही पळतो.

सुरुवातीला मी सगळा दोष साइजला देत होतो, आता तसं म्हणणार नाही. सपाट रस्त्यावर त्याच वेगाला आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे) थोडा कमी राहतो, ही उंच टायरची जमेची बाजू. डिझेल खाते ती जाड नक्षी, कारण प्रत्येक फेऱ्यात रबर दबतं, तापतं. त्यात परिघावरचं वजन. थांबून-थांबून चालवताना ते दर वेळी नव्याने फिरवावं लागतं. म्हणून शहरात घट ठळक दिसते, लांबच्या सपाट प्रवासात कमी. चढावर मात्र गिअर लवकर खाली टाकावा लागतो.

पुढच्या वेळीही हाच साइज घेईन, पण हायवे नक्षीचा. आणि कॅलिब्रेशन कोण करून देणार ते पैसे देण्याआधी लिहून घेईन.