थोरलॅब्सचा 1300 नॅनोमीटर मेम्स-व्हिक्सेल लेझर: परीक्षण

ओसीटी, म्हणजे प्रकाशाच्या साहाय्याने ऊतींचे आतले थर पाहण्याच्या तंत्रासाठी, लेझर घेताना थोरलॅब्स कंपनीच्या या स्रोताचा विचार आधी करावा असे माझे मत आहे, आणि त्याचे कारण माहितीपत्रकातल्या आकड्यांपेक्षा त्याच्या रचनेत आहे.

मेम्स-व्हिक्सेल म्हणजे चिपच्या पृष्ठभागाला काटकोनात प्रकाश सोडणारा, सूक्ष्म हलता आरसा असलेला लेझर. त्याची पोकळी, म्हणजे दोन आरशांमधली जागा, अवघी काही मायक्रोमीटर लांब असते. ती इतकी आखूड असल्यामुळे लगतच्या दोन मोडमधले, म्हणजे पोकळीत टिकू शकणाऱ्या तरंगलांबींमधले, अंतर 100 नॅनोमीटरच्याही पुढे जाते. साहजिकच एका वेळी एकच मोड चालू राहतो आणि वरचा आरसा हलवला की तरंगलांबी मध्येच उडी न घेता सलग सरकते. आरसा लवचीक पटलावर असतो आणि विद्युतदाब दिला की तो स्थिरविद्युत आकर्षणाने खाली ओढला जातो. संपूर्ण पल्ल्यासाठी त्याला फार तर अर्धी तरंगलांबी, म्हणजे 0.65 मायक्रोमीटर, सरकावे लागते. पण विद्युतदाब सावकाश वाढवत नेला, तर पटल त्याच्याखालच्या फटीच्या एक-तृतीयांशापर्यंतच तग धरते आणि त्यापुढे एकदम चिकटते. त्यामुळे फट सुमारे 2 मायक्रोमीटर तरी हवी. मात्र ती वाढवली की पोकळी लांबते आणि मोडमधले अंतर घटते. या ओढाताणीतून काढलेली वाट मला या उपकरणात सर्वांत मोलाची वाटते.

केनिची इगा यांनी 1977 साली मांडलेल्या उभ्या पोकळीच्या लेझरला हलता आरसा जोडण्याचे काम कॉनी चँग-हॅस्नेन यांच्या गटाने 1990च्या दशकात केले. त्या परंपरेतले हे उपकरण आज सेकंदाला 1 लाख किंवा त्याहून अधिक वेळा 100 नॅनोमीटरच्या आसपासचा पट्टा पार करते.

कोहेरन्स लेंग्थ, म्हणजे प्रकाशलहरी एकमेकींशी सुसंगत राहतात ते अंतर, 100 मिलिमीटरपेक्षा जास्त असल्याने खोलवरचा संकेतही फिका पडत नाही. तरीही प्रत्यक्ष किती खोल दिसेल हे डिजिटायझरच्या, म्हणजे संकेताचे आकड्यांत रूपांतर करणाऱ्या कार्डाच्या, वेगावर ठरते, म्हणून लेझरवर खर्च करून स्वस्तातले कार्ड घेऊ नये. शिवाय आरशाची हालचाल एकसमान वेगाने होत नसल्यामुळे संकेताचे नमुने के-क्लॉकच्या, म्हणजे तरंगसंख्येच्या समान टप्प्यांवर ठोके देणाऱ्या घड्याळाच्या, ठोक्यावरच घ्यावेत. नाहीतर प्रत्येक थराची रेषा पसरट येते.

त्वचा आणि रक्तवाहिन्यांसाठी हा स्रोत मी निःशंकपणे सुचवेन. दृष्टिपटलासाठी मात्र 1060 नॅनोमीटरचाच पर्याय घ्यावा, कारण 1300 नॅनोमीटरचा बहुतेक प्रकाश डोळ्यातले पाणीच शोषून घेते.