बॉयलर ट्यूबची जाडी मोजून देणारी सेवा : बंद हंगामातील अनुभव

गेल्या गळीत हंगामात आमच्या साखर कारखान्याच्या बगॅसवर (उसाच्या चोथ्यावर) चालणाऱ्या बॉयलरमधील इकॉनॉमायझरची, म्हणजे बाहेर जाणाऱ्या गरम वायूवर बॉयलरचे पाणी आधी तापवणाऱ्या भागाची, ट्यूब दोनदा फुटली आणि दोन्ही वेळा उसाच्या ट्रॅक्टरांची रांग फाट्यापर्यंत गेली. वास्तविक त्याआधीच्या बंद हंगामात जाडीची तपासणी झाली होती. पण त्या संस्थेने सरळ ट्यूबवर ठरावीक अंतराने गेज (ध्वनिलहरींच्या प्रतिध्वनीवरून जाडी मोजणारे यंत्र) टेकवून शेकडो आकडे दिले आणि ट्यूब फुटली ती बेंडला, म्हणजे वळणावर. म्हणून यंदा आम्ही हे काम दुसऱ्या, लहानशा संस्थेकडे दिले.

त्यांच्या अभियंत्याने गेज बाहेर काढण्यापूर्वी बॅटरी घेऊन आत दोन तास घालवले. राखेने झिजलेली ट्यूब गंजलेली दिसत नाही, ती घासल्यासारखी चकाकते आणि बोट फिरवले की एका बाजूची गोलाई सपाट झालेली कळते. आतून गंजाचे खड्डे पडले असते तर कारण पाण्यात शोधावे लागले असते, हे त्यांनी आमच्या फिटरला हात लावायला देऊनच समजावले. एका बेंडवर गेज २.६ मिमी दाखवत होते, शेजारच्या ट्यूब मात्र १.८. जास्त सपाट झालेली ट्यूब जाड कशी, या शंकेने त्यांनी गेजला लहान प्रोब (ट्यूबवर टेकवायचे टोक) लावला आणि आकडा आला १.३. पातळ भिंतीत प्रतिध्वनी दोनदा मोजला जाऊन जाडी दुप्पट दिसते. मूळ जाडी ४.०६ मिमी होती, हे लक्षात घेता ती ट्यूब पुढच्या हंगामात किती दिवस टिकली असती, याचा विचार न केलेलाच बरा.

निदानही पटण्यासारखे होते. ओल्या शेतातल्या उसाबरोबर येणारी माती बगॅसमधून राखेत उतरते, आणि बॅफल (वायूला वळवणारा पत्रा) व भिंत यांच्यामधल्या फटीतून गरम वायू वेगाने निसटत असल्याने तिथलेच बेंड झिजतात. झीज साधारणपणे वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग २० टक्के वाढला तर झीज सुमारे पावणेदोन पट होते. सरसकट सगळ्या ट्यूबवर शील्ड (झीज सोसणारे पत्र्याचे कवच) बसवण्याचा आमचा बेत त्यांनी मोडून काढला, कारण त्यामुळे वायूची वाट अरुंद होऊन झीज मागच्या ओळीवर गेली असती. फट बुजवणे, डक्टमधली हवेची गळती बंद करून आयडी फॅनवरचा (बॉयलरमधला वायू बाहेर ओढणाऱ्या पंख्यावरचा) भार उतरवणे आणि शील्ड फक्त बेंडला लावणे, एवढेच त्यांनी सुचवले. (स्वतः शील्ड विकत नसल्याचाही हा परिणाम असावा.)

तक्रार आहे ती अहवालाची. तो तीन आठवड्यांनी आला, छायाचित्रांखाली ट्यूबचे क्रमांक नव्हते आणि सगळा मजकूर इंग्रजीत असल्याने फिटरच्या उपयोगी पडला तो अभियंत्याने लाल पेन्सिलीने काढलेला कच्चा नकाशाच. नव्या ट्यूबची मागणीही आम्ही त्यावरूनच नोंदवली.

पुढील तपासणीसाठी त्यांनाच बोलावले आहे. कार्यादेशात मात्र अहवालाची मुदत आठ दिवसांची घातली आहे.