हेडलाइटचा कॉम्बिनेशन स्विच बदलला नाही, रिपेअर केला: एक पावसाळा काढल्यावरचा अनुभव

गाडी २००६ ची पेट्रोल हॅचबॅक, बाबांनी घेतलेली, इंजिन अजून ठणठणीत. दुखणं एकच, स्टिअरिंगजवळची लाइट-इंडिकेटरची दांडी, म्हणजेच कॉम्बिनेशन स्विच. अप्पर लागायचा, डिपरला टाकलं की लपलप आणि मग गुल. एकदा रात्री खंबाटकी घाट दांडी बोटाने दाबून धरून चढलोय.

सर्व्हिस सेंटरवाले म्हणे स्विच आम्ही खोलत नाही, पूर्ण असेंब्ली बदला, ४८०० आणि मजुरी वेगळी. अरे गाडीला तरी आता किती येणारेत! नाना पेठेत लोकल माल ११०० ला मिळत होता पण हातात घेतला तर नुसता खुळखुळा.

मग ओळखीच्या इलेक्ट्रिशियनने स्टिअरिंग काढून स्विच उघडला. डिपरची पत्ती काळीठिक्कर, भोवतीचं प्लास्टिक वितळून फुगलेलं. पॉलिश पेपरने घासलं, पत्ती जरा उचलली, ३०० रुपये. तेव्हाच लिहिलं असतं तर पाच स्टार दिले असते, पण महिन्याभरात परत लपलप.

कारण आमच्या गाडीत हेडलाइटला मुळात रिलेच नाही (रिले म्हणजे थोड्याशा करंटने चालणारा आणि मोठा करंट स्वतःवर घेणारा स्विच). ५५ वॉटचे दोन बल्ब म्हणजे नऊ-दहा अँपिअर करंट थेट त्या इवल्याशा पत्तीतून जातो, कार्बन धरला की ती तापते, तापली की अजून कार्बन. म्हणजे नवीन असेंब्ली टाकली असती तरी कधीतरी हेच. मग ६५० चं रिले किट बसवलं, बॅटरीवरून फ्यूज टाकून जाड वायर, स्विचकडे फक्त रिले ओढण्यापुरता करंट. मीटर लावून बघितलं, इंजिन चालू असताना बल्बपाशी आधी ११.८ व्होल्ट येत होते, आता १३.६. हॅलोजनचं व्होल्टेज दहा टक्के पडलं तरी उजेड तीसेक टक्के पडतो, त्यामुळे फरक डोळ्यांना कळतो. अख्खा पावसाळा गेला, एकदाही लाइट गेला नाही.

(एअरबॅगवाली गाडी असेल तर स्टिअरिंगला घरी हात लावू नका, आणि उजेड वाढवायला १००/९० वॉटचे बल्ब तर अजिबात नको.)

तरी तीनच स्टार. स्विच परत बसवताना इंडिकेटर परत आणणारा प्लास्टिकचा दात तुटला, आता डावा इंडिकेटर वळल्यावर आपोआप बंदच होत नाही. टकटक टकटक, मागचे हॉर्न मारतात, बायको रोज म्हणते "अहो, बंद करा ते". इलेक्ट्रिशियन म्हणतो आधीच तुटलेला होता. नव्हता! भंगारवाल्याकडे सांगून ठेवलंय, तेवढ्या दातासाठी अख्खा स्विच घ्यावा लागणार, २०० च्या वर एक रुपया देणार नाही.