सात महिने, 2,998 रुपये आणि एक हुकलेला चहा

मागच्या आठवड्यात ठाण्याला परतले, डबीत ठेवलेलं इथलं सिम फोनमध्ये घातलं आणि पहिलाच मेसेज दिसला तो 1,499 रुपये गेल्याचा. इंग्रजी बोलायला शिकवणाऱ्या अ‍ॅपचं सहा महिन्यांचं पॅकेज आपोआप पुढे चालू झालं होतं. पैसे कापायच्या 24 तास आधी सूचना येते हे मला ठाऊक आहे. आली असेलच, डबीत. आता पैसे गेलेच आहेत तर निदान चार शब्द लिहून वसूल करते.

चुकलं की कमी होणारी हृदयं, रोज धडा केल्याची साखळी, बरोबर-चुकीचा हिरवा-लाल रंग हे असल्या अ‍ॅपमध्ये सगळ्यांनी पाहिलेलं आहे, त्यात वेळ घालवत नाही. मी हे घेतलं ते छोट्या उत्तरांच्या धड्यांसाठी. लेकीकडे इंग्लंडात ब्रिस्टलला पाच महिने राहायचं होतं. बँकेत तीस वर्षं इंग्रजी पत्रं लिहिली, त्यामुळे लांबलचक वाक्यांचं भय नाही. समोरच्याने काही म्हटलं की पुढच्या दोन सेकंदांत काय म्हणायचं, तिथे माझी गाडी अडते.

तिसऱ्याच दिवशी शेजारीण कुंपणापलीकडून म्हणाली, 'यू ऑलराइट? कप ऑफ टी?' अ‍ॅपने घोटून घेतलेलं उत्तर तयार होतं : 'आयम गुड, थँक यू.' मी पहिल्या प्रश्नाचं उत्तर दिलं होतं हो! ती हसली आणि आत गेली. चहा आलाच नाही. संध्याकाळी लेक म्हणाली, 'आई, काही देऊ केल्यावर आयम गुड म्हणजे नको.' आणि 'अहो घ्या हो, अर्धा कप' असा आग्रह तिकडे नसतो. नको म्हटलं की विषय संपला. अ‍ॅपमध्ये एका कार्डावर एकच प्रश्न. माणसं दोन प्रश्न एका श्वासात विचारतात, हे बनवणाऱ्यांपैकी कोणालाच सुचलं नाही? त्या एका कपासाठी मी या अ‍ॅपचा एक तारा कापणार आहे, आधीच सांगून ठेवते.

बरं, 'यू ऑलराइट?' तर अ‍ॅपमध्ये कुठे नाहीच. सगळा अमेरिकी थाट, 'व्हॉट्स अप'. दुकानातल्या मुलीने 'यू ऑलराइट देअर?' विचारलं की मी आठवडाभर तिला डाव्या गुडघ्याची हकिकत ऐकवत होते. तिथे 'यस, थँक्स' एवढं पुरतं.

आता उलट बाजू. 'डझ शी?', 'हॅव यू?' असली उत्तरं पाठ करून घेणारा एक धडा आहे. मी तो कंटाळून तीनदा अर्धवट सोडला होता. खरा उपयोग त्याचाच झाला. आपण क्रियापदच परत देतो. 'जेवलात?' 'जेवले.' 'येणार?' 'येणार.' इंग्रजीत मुख्य क्रियापद सोडायचं आणि त्याचं शेपूट धरायचं : 'हॅव यू ईटन?' 'यस, आय हॅव.' मी इतकी वर्षं 'ईटन, ईटन' म्हणत होते. आणि आपलं 'हो का?' कुठेही चालतं, मग माणूस कोणी असो, काळ कोणता असो. तिकडे दर वेळी शेपूट बदलतं. शेजारीण म्हणाली, बहीण वेल्सला राहायला गेली. (पूल ओलांडला की वेल्स.) मी म्हटलं, 'हॅज शी?' एवढ्यावर बाई अर्धा तास बोलली. मी मध्ये फक्त 'डिड ही?' आणि 'आर दे?' टाकत होते.

बसमध्ये एकाने 'डू यू माइंड इफ आय सिट हिअर?' विचारलं, मी आदराने 'यस, यस!' म्हटलं. 'माइंड'ला यस म्हणजे 'बसू नका'! बिचारा उभाच राहिला. हे मात्र अ‍ॅपमध्ये आहे, सहाव्या पातळीवर. मी चौथीत होते. चूक माझी. उतरताना ब्रिस्टलचे लोक चालकाला 'चिअर्स, ड्राइव्ह' म्हणतात, ते मी बसमध्येच शिकले. फुकट.

अ‍ॅपमधला बोलका यंत्रमित्र सर्वांत वाईट. गुडघा दुखतो म्हटलं तरी 'दॅट्स ग्रेट!' जावई सांगतो, गुगलने 2015 साली मेलला तयार उत्तरं सुचवायची सोय आणली, तिचा सुरुवातीचा नमुना कशालाही 'आय लव्ह यू' सुचवायचा. त्यांनी निदान ते दुरुस्त केलं.

पैसे परत मागायला चॅटवर गेले. 'टोटली अंडरस्टँड!' म्हणे. मग नियम वाचून दाखवला. मी लिहिलं, मला हे मान्य नाही. उत्तर आलं, 'नो वरीज!' तुम्हाला कशाला असतील वरीज, पैसे माझे गेलेत. छोटी उत्तरं शिकवणाऱ्यांना कुठे कोणतं टाकायचं हेच कळू नये! रक्कम मिळाली नाही ती नाहीच.

निघायच्या आदल्या दिवशी शेजारणीने पुन्हा चहाचं विचारलं. मी जरा थांबून 'गो ऑन, देन' म्हटलं, म्हणजे 'बरं, द्या मग'. हे अ‍ॅपचं नव्हे, लेकीचं. बिस्किटांसकट मिळाला.

ऑटोपे बंद केलंय. पाच महिने शिल्लक आहेत, पैसे भरलेत तर सहावी पातळी पूर्ण करणारच. तीन तारे.