पावती खरी, भरणा खोटा

इंग्लंडमधील विद्यापीठांचे शिक्षणशुल्क ‘सवलतीत’ भरून देतो असे सांगणारी माणसे तेथील भारतीय विद्यार्थ्यांच्या अवतीभवती वावरत असतात. अशाच एकाने बेळगाव तालुक्यातील माझ्या बहिणीच्या घराला नऊ लाख चाळीस हजार रुपयांना बुडवले. या प्रकारात विद्यापीठाची पावती अस्सल असते, म्हणूनच पैसे गेल्याचे घराला फार उशिरा कळते. आमच्या सीमाभागातून दरवर्षी अनेक मुले बाहेर शिकायला जातात, आणि त्यांच्या आईवडिलांना या व्यवहाराची खोच ठाऊक असावी म्हणून, भाचीच्या संमतीने, हे सविस्तर लिहीत आहे.

भाचीने बेळगावात अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ती मध्य इंग्लंडमधील एका विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षणासाठी गेली. वर्षाचे शुल्क चौदा हजार पौंड होते. त्यांपैकी पाच हजार पौंड व्हिसाच्या आधी बँकेमार्फत रीतसर पाठवले होते आणि उरलेले नऊ हजार नोंदणीनंतर भरायचे होते. त्यासाठी मेहुण्यांनी सोसायटीतील मुदत ठेव मोडली आणि कमी पडले तेवढ्यासाठी बहिणीचे दागिने तारण ठेवले. भात आणि रताळ्यांच्या शेतीवर चालणाऱ्या घरात एवढी रक्कम एका खात्यावर जमा होण्याचा प्रसंग पिढीत एखादाच येतो, हे आमच्या भागातील वाचकांना सांगायला नको.

तिथले पहिले काही आठवडे कसे जातात हे ठाऊक नसेल, तर पुढचा विश्वास समजणार नाही. बँकेत खाते उघडायला पत्त्याचा पुरावा लागतो, त्यासाठी विद्यापीठाचे पत्र लागते, आणि ते हाती येऊन खाते चालू होईपर्यंत बरेच दिवस मोडतात. तोवर भाडे, अनामत, अंथरूण-पांघरूण, सगळ्यासाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागते. दिवस झपाट्याने लहान होऊ लागतो, वर्गातील बोलण्याचा वेग झेपत नाही, आणि दिवसभर मराठीचा एक शब्द कानावर पडत नाही. अशा वेळी मराठी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप समूहातून एका तरुणाचा तिला फोन आला. आपण निपाणीकडचे आहोत, इथेच शिकून आता नोकरी करतो, असे त्याने सांगितले. त्याने तिला जुना कुकर मिळवून दिला, गाडीतून सामान आणून दिले, खोली दाखवली, आणि या कशाचेही पैसे घेतले नाहीत. बहिणीशीही तो फोनवर बोलला. “आपल्या गावाकडचं लेकरू हाय, काय काळजी करू नकासा, मी हाय की,” हे त्याचे वाक्य बहीण आजही जसेच्या तसे म्हणून दाखवते. ही बोली शिकून येत नाही, त्यामुळे तो आमच्याच भागातला असावा असे मला वाटते. मात्र त्याने सांगितलेले नाव आणि गाव दोन्ही खोटे निघाले.

शुल्काची तारीख जवळ आली तेव्हा त्याने प्रस्ताव मांडला. रुपये इथल्याच एका खात्यावर भरायचे, तिकडे तो ‘कंपनीच्या कार्डावरून’ विद्यापीठाचे पौंड भरणार, आणि कार्डावर मिळणाऱ्या परताव्यातून सहा टक्के सूट देणार. शिवाय बँकेचा विनिमय दर नको, बँकेचे शुल्क नको आणि टीसीएसही, म्हणजे पैसे परदेशी पाठवताना बँक आधीच वसूल करते तो करही, नको. शेवटचा मुद्दा घरात सर्वांत अधिक पटला. त्या आर्थिक वर्षात स्वतःच्या पैशातून शिक्षणासाठी परदेशी पाठवलेल्या सात लाखांवरील रकमेवर पाच टक्के टीसीएस लागत होता, आणि आधीचे पाच हजार पौंड धरता तो चाळीस हजारांच्या आसपास गेला असता. हिशेबाचे काम करणारा म्हणून एक गोष्ट येथे स्पष्ट करतो. टीसीएस हा खर्च नव्हे. तो पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्र भरताना करातून वळता होतो किंवा परत मिळतो. जी रक्कम जाणारच नव्हती ती वाचवून देण्याचे आमिष दाखवले गेले, आणि आमच्याकडे टीसीएस म्हणजे ‘सरकारने कापलेले पैसे’ असाच समज असल्यामुळे ते लागू पडले.

मेहुण्यांनी आरटीजीएसने रक्कम वर्ग केली. खाते परराज्यातील एका व्यापारी पेढीच्या नावाचे चालू खाते होते. त्याच दिवशी संध्याकाळी भाचीने विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आपले पान उघडले, तर शुल्काची बाकी शून्य झालेली. विद्यापीठाच्या ईमेलवरून पावतीही आली. ही पावती बनावट नव्हती. विद्यार्थ्याचा क्रमांक आणि जन्मतारीख माहीत असेल तर अनेक विद्यापीठांच्या पानावर दुसरी व्यक्तीही शुल्क भरू शकते, आणि पालकांच्या सोयीसाठी ठेवलेली हीच वाट चोरांनाही खुली असते. सगळे समाधानी झाले आणि त्याच समूहातील आणखी काही मुलांनी त्याचा क्रमांक मागून घेतला.

काही आठवड्यांनी शुल्क विभागाचे पत्र आले की भरणा रद्द झाला असून नऊ हजार पौंड पुन्हा थकीत आहेत. कार्ड त्या तरुणाचे नव्हतेच, ते कुणा तिऱ्हाइताचे चोरलेले होते. खऱ्या मालकाच्या लक्षात आल्यावर त्याने आपल्या बँकेकडे तक्रार केली आणि बँकेने विद्यापीठाकडून रक्कम मागे घेतली. असे पैसे ज्या कार्डावरून आले त्याच कार्डाकडे परत जातात, विद्यार्थ्याकडे कधीच येत नाहीत. आमचे रुपये तर विद्यापीठापर्यंत पोहोचलेच नव्हते. चोराने चोरलेल्या कार्डाचे रूपांतर आमच्या हातून रोख रुपयांत करून घेतले होते, आणि विद्यापीठाच्या दप्तरी चोरीच्या कार्डाने शुल्क भरणारी म्हणून नाव लागले ते भाचीचे.

यानंतर त्याने जे केले ते मला पहिल्या फसवणुकीपेक्षाही घातक वाटते. फोन बंद न करता त्याने क्षमा मागितली आणि ‘तुझ्या इथल्या खात्यावर मित्रांकडून थोडे थोडे पौंड पाठवतो, त्यातले तुझे ठेव आणि उरलेले मी सांगेन त्या खात्यावर टाक,’ असे सुचवले. पैसे परत मिळतील या आशेने कोणीही हो म्हणाले असते. भाचीने ते विद्यापीठाच्या सल्लागार बाईंना विचारले, म्हणून ती वाचली. दुसऱ्यांच्या चोरीचे पैसे आपल्या खात्यातून पुढे सरकवणे हा ब्रिटनमध्ये काळ्या पैशाच्या कायद्याखालील गुन्हा असून त्याला चौदा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बँक खाते बंद करते, आणि फसवणूक नोंदवणाऱ्या सिफास या संस्थेकडे लागलेला शेरा सहा वर्षे राहू शकतो, म्हणजे तेवढा काळ दुसरे खाते मिळणेही अवघड होते.

विद्यापीठाने तिचे म्हणणे ऐकून घेतले, फसवणुकीच्या तक्रारी घेणाऱ्या तिकडच्या तेव्हाच्या ॲक्शन फ्रॉड या यंत्रणेकडे केलेल्या तक्रारीचा क्रमांक मागितला आणि शुल्क हप्त्यांनी भरण्याची मुभा दिली. ती मिळाली नसती तर नोंदणी रद्द झाली असती, आणि नोंदणी रद्द झाली की विद्यापीठाला तसे तेथील गृहखात्याला कळवावेच लागते, मग व्हिसाही टिकत नाही.

इकडे मेहुणे आधी तक्रारच करायला तयार नव्हते. गावात कळेल ही भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती कायद्याची होती, आणि ती निराधार नव्हती. इथे रुपये देऊन तिकडे परस्पर पौंड भरून घेणे ही हवालाचीच रीत आहे आणि परकीय चलन व्यवस्थापन कायदा, १९९९ मध्ये ती बसत नाही. या धंद्यातील लोक पालकांचे हे गप्प राहणे गृहीत धरूनच चालतात. शेवटी वकिलांचा सल्ला घेऊन १९३० या क्रमांकावर आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार नोंदवली व बेळगावच्या सीईएन (सायबर, आर्थिक व अमली पदार्थांचे गुन्हे हाताळणाऱ्या) पोलीस ठाण्यात कागद दिले. तोपर्यंत त्या खात्यातून रक्कम अनेक खात्यांत पांगली होती. एका खात्यात अडकलेली किरकोळ रक्कम गोठवली गेली आहे आणि ती सोडवण्याचे काम न्यायालयातून चालू आहे. पैसे गेल्यावर पहिल्या काही तासांत १९३० ला फोन गेला तर खाती गोठवता येतात. पण या प्रकारात अस्सल पावतीमुळे ते तास समाधानात निघून जातात.

रीतसर मार्ग थोडा कंटाळवाणा आहे, पण अवघड नाही. विद्यापीठाचे मागणीपत्र, पॅन आणि परदेशी पैसे पाठवण्यासाठीचा ए-२ अर्ज घेऊन परकीय चलनाचे काम करणाऱ्या बँक शाखेत जावे. आमच्याकडच्या सोसायट्यांतून हे काम होत नाही, त्यामुळे ठेव तिथे असली तरी रक्कम आधी बँकेत आणावी लागते. काही विद्यापीठे फ्लायवायरसारख्या सेवेतून रुपयांत भरणा घेतात, तिथेही दुवा विद्यापीठाच्या स्वतःच्या पानावरूनच उघडावा. मुलीचा विद्यार्थी क्रमांक आणि जन्मतारीख समूहावर टाकू नये, आणि व्हिसापत्राचे छायाचित्र तर मुळीच नको, कारण त्यावर बरेच काही असते.

अशा ‘सवलतीच्या’ मार्गाने ज्यांचा भरणा झाला आहे आणि अजून उलटलेला नाही, त्यांनी तो उलटण्याची वाट पाहू नये. आरटीजीएसचा यूटीआर (म्हणजे व्यवहाराचा) क्रमांक, ज्या खात्यावर पैसे गेले त्याचा तपशील आणि संपूर्ण संभाषण जपून ठेवावे, पालकांनी त्याच दिवशी १९३० ला कळवावे, आणि मुलाने स्वतः शुल्क विभागात जाऊन सांगावे. भाचीसोबत फसलेल्या मुलांपैकी जो एक जण पत्र येण्याआधीच असा गेला, त्याच्यावर संशयाची चौकशी बसली नाही. बाकीच्यांना लेखी खुलासे द्यावे लागले.